कुमारांच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तके : सोलापुरात पारखून घेतलेली काही नावे

कुमारवयीन मुलांच्या वाचनकट्ट्यासाठी पुस्तक निवडणे हे एखाद्या मुलाला पुस्तक भेट देण्यापेक्षा अवघड काम आहे. भेटीचे पुस्तक एकट्याने वाचायचे असते आणि ते नाही आवडले तर बाजूला ठेवण्याची मुभा असते. कट्ट्याचे पुस्तक मात्र आठवी ते अकरावीतल्या, वेगवेगळ्या शाळांतल्या आणि वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एकाच महिन्यात वाचायचे असते आणि त्यानंतर समोरासमोर बसून त्यावर बोलायचे असते. सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेच्या वर्गात आम्ही काही पालक आणि शिक्षक मिळून असा कट्टा चालवतो. कोणती पुस्तके या कामाला उतरली, कोणती उत्तम असूनही तितकी उपयोगी पडली नाहीत आणि त्यांच्या प्रती मिळवताना काय पाहावे, हे असाच कट्टा सुरू करू पाहणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल, या विचाराने हे परीक्षण लिहीत आहे.

निवडीची आमची कसोटी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगणे बरे. पुस्तक वाचून संपल्यावर दोन मुलांचे त्याबद्दल प्रामाणिकपणे दोन वेगळी मते होऊ शकतात का, एवढेच आम्ही पाहतो. भाषा चांगली असणे, आशय सकस असणे, लेखक मान्यवर असणे या गोष्टी आवश्यक आहेतच. पण त्या असूनही जर पुस्तक वाचल्यावर सगळ्यांनी माना डोलवून ‘छान आहे’ म्हणावे आणि पुढे काही बोलायला उरू नये, असे होत असेल, तर ते घरी वाचायला द्यावे, कट्ट्यावर आणू नये. मोठ्या माणसांच्या याद्या पाहिल्या तर त्यांत बहुतेक पुस्तके मुलांना काय शिकवतील या हिशेबाने घातलेली असतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब पहिल्या दहा पानांत कळतो आणि त्यानंतर तो पुस्तक वाचत नाही, प्रश्नांची अपेक्षित उत्तरे तयार करतो.

सोलापूरचा म्हणून एक वेगळा विचार करावा लागतो. आमच्या गटात घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत, कन्नड बोलणारी आहेत, दखनी बोलणारी आहेत आणि मराठी बोलणारीही आहेत. त्यांतली काही मराठी माध्यमात शिकतात, काही सेमी-इंग्रजीत आणि काही पूर्ण इंग्रजी माध्यमात. मराठी ही सगळ्यांची सामाईक भाषा असली तरी प्रत्येकाची मराठी वाचण्याची गती सारखी नाही. एखादी मुलगी दोनशे पाने आठवड्यात संपवते, तर तितकीच हुशार दुसरी मुलगी पन्नास पानांवर अडून बसते, आणि त्याचे कारण समज कमी असणे हे नसून देवनागरीत सलग वाचण्याची सवय नसणे हे असते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत पुस्तक लहान असावे आणि प्रकरणे किंवा कथा सुट्या असाव्यात, म्हणजे अर्धे वाचून आलेल्या मुलालाही बोलता येते, हे पथ्य आम्ही पाळतो.

या सगळ्या निकषांवर सर्वांत चांगले उतरलेले पुस्तक म्हणजे प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’. १९९४ साली आलेल्या या पुस्तकातून लंपन हा मुलगा मराठी वाचकांना भेटला आणि पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ व ‘झुंबर’ या पुस्तकांतून तो वाढत गेला. आईवडील आणि भावंडे यांच्यापासून दूर, आजी-आजोबांकडे एका लहान गावात राहायला आलेला हा मुलगा स्वतःच आपली गोष्ट सांगतो. गाव कर्नाटकच्या सीमेवरचे असल्यामुळे मराठीच्या अंगाखांद्यावर कन्नड सहज वावरते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही भाषा गोड आणि अनोखी वाटत असेल. आमच्या मुलांना ती घरची वाटली. अक्कलकोटकडून आलेल्या एका नववीतल्या मुलाने एक कथा मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा त्यातली कन्नड नावे आणि हाका त्याच्या तोंडून इतक्या सहज आल्या की एरवी मराठी वाचताना अडखळणारा हाच मुलगा का, असे वाटावे. त्या दिवसापासून तो गटात बोलू लागला.

पण ‘वनवास’ कट्ट्याला चांगले का, याचे खरे कारण भाषेपेक्षा त्यातल्या न सांगितलेल्या गोष्टींत आहे. या मुलाला आईवडिलांनी दूर का ठेवले, ते योग्य होते का, आजी-आजोबांचे प्रेम मिळत असताना त्याला आपल्या घराची इतकी ओढ का वाटते, याची उत्तरे लेखक देत नाही. सोलापुरातून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या आईबापांची संख्या मोठी आहे आणि मुले आजीजवळ ठेवून गेलेली घरे आमच्या गटातही आहेत. अशा घरातल्या एका मुलीचे म्हणणे होते की लंपनला विचारायला हवे होते. तिच्याच वर्गातला दुसरा मुलगा म्हणाला की लहान मुलाला विचारून अशा गोष्टी ठरत नसतात आणि आजीजवळ राहणे ही काही शिक्षा नाही. दोघेही स्वतःच्या घराबद्दल बोलत होते हे खोलीतल्या सर्वांना कळत होते, पण पुस्तक मध्ये असल्यामुळे कोणालाही उघडे पडल्यासारखे वाटले नाही. कुमारवयात हा आडोसा फार मोलाचा असतो. लंपनचे जग संथ आहे, त्यात ‘पुढे काय झाले’ची ओढ कमी आहे, ही तक्रार काही मुलांनी केली आणि ती खरी आहे. तरीही पहिल्याच पुस्तकासाठी माझे मत ‘वनवास’लाच आहे. मात्र सगळे पुस्तक एकदम न देता दोन-तीन कथा ठरवून द्याव्यात.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आकाराने लहान आहे आणि हा तिचा कट्ट्याच्या दृष्टीने पहिला गुण. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर, मेंढरांमागे जाणारी मुले, शाळेत मुलेच नसणे, मग हळूहळू वाडीचा विश्वास मिळणे, सगळ्यांनी मिळून तालीम बांधणे आणि अखेरीस दुष्काळाने सगळेच उधळले जाणे, एवढे तिचे कथानक आहे. माणदेशाची शीव सांगोल्याला लागूनच आहे, त्यामुळे तिथली माळराने, बाभळी आणि मेंढरांचे कळप आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. जी मुले शहराबाहेर फारशी गेलेली नाहीत त्यांनाही दुष्काळ हा विषय घरातल्या बोलण्यातून माहीत असतो. एका मुलीने या पुस्तकाच्या निमित्ताने आजीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारले आणि खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी यांची हकिकत वहीच्या दोन पानांवर लिहून आणली. भाकरी तांबूस व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे आजीचे म्हणणे तिने आजीच्याच शब्दांत लिहिले होते. त्यानंतर पुस्तकाचा शेवट सगळ्यांनी पुन्हा वाचला.

वाद झाला तो मास्तरावरून. मास्तर वाडीसाठी इतके करतो, पण शेवटी त्याच्या हाती काय राहते आणि वाडीच्या हाती काय राहते? तालीम बांधण्याऐवजी आधी पाण्याचे काही करायला नको होते का, असा प्रश्न दहावीतल्या एका मुलाने विचारला. त्याला उत्तर देताना दुसऱ्याने असे मांडले की एकत्र येऊन काहीतरी बांधण्याची सवय लागणे हीच त्या वाडीसाठी मोठी गोष्ट होती. कारभारी मास्तरावर संशय धरतो, तेव्हा तो चुकला की त्याच्या जागी कोणीही असेच वागले असते, यावरही बराच वेळ बोलणे झाले. हे पुस्तक पाठ्यपुस्तकांतून उताऱ्यांच्या रूपाने अनेकांच्या वाट्याला आलेले असते आणि त्यामुळे मोठ्यांना ते ‘वाचलेले’ वाटते. सलग वाचलेले फार थोडे असतात. कट्टा चालवणाऱ्याने ते स्वतः पुन्हा पूर्ण वाचून यावे, एवढेच सांगतो. बोलीतले काही शब्द अडतात, पण ते वाचताना अर्थ लावत पुढे जाता येते, त्यासाठी शब्दार्थांची यादी वाटू नये. यादी हातात आली की मुले तीच पाठ करतात.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) निवडावी की नाही यावर आमच्यातल्या मोठ्या माणसांतच मतभेद झाले आणि मी ती निवडावी या बाजूचा आहे. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातली शिरोडकर आणि भोवतीचा आणीबाणीचा काळ अशी ही कादंबरी आहे. मुलांच्या तोंडी येणारी भाषा पालकांना खटकते, हे मला समजते. परंतु ती भाषा मुलांना पुस्तकातून कळणार आहे असे समजणे वास्तवाला धरून नाही, आणि ज्या पुस्तकात आपल्या वयाच्या मुलाचे मन इतक्या खरेपणाने उलगडले आहे ते पुस्तक त्यांच्या हाती वयाच्या योग्य वेळी, चार विश्वासाच्या माणसांच्या सोबतीने पडणे चांगले. आम्ही पालकांना आधी कळवले, ज्यांना वाचायचे होते त्यांना प्रत दिली आणि ज्यांना आपल्या मुलाने हे पुस्तक इतक्यात वाचू नये असे वाटले त्यांचा निर्णय मान्य केला. ही रीत मी सर्वांना सुचवेन. पालकांना अंधारात ठेवून निवडलेले पुस्तक एकदा वादात सापडले की कट्टाच बंद पडण्याची वेळ येते.

चर्चेत सर्वांत जोरकस मुद्दा मुलींनी मांडला. शिरोडकर आपल्याला सगळी मुकुंदच्या नजरेतूनच दिसते, तिला स्वतःला काय वाटत होते ते कुठेच कळत नाही, आणि मुलगी क्लासला जाताना मागे मागे जाणे याला आपण प्रेम म्हणायचे की तिला होणारा त्रास, असा त्यांचा प्रश्न होता. मुलगे आधी गप्प बसले. मग त्यांच्यातल्या एकाने असे म्हटले की मुकुंद वाईट मुलगा नाही, पण त्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. इतके नेमके बोलणे मी मोठ्यांच्या चर्चासत्रांतही क्वचित ऐकले आहे. पुस्तकाची मर्यादा दाखवणारा मुद्दा आणि पुस्तकाबद्दलचे प्रेम ही दोन्ही एकाच खोलीत नांदू शकतात, हे मुलांना या वयात अनुभवायला मिळाले तर पुढे वाचक म्हणून त्यांची वाढ निकोप होते. आणीबाणीचा संदर्भ मात्र आधी द्यावा लागतो. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात काय घडले, वृत्तपत्रांवर कोणती बंधने आली, कोणाला तुरुंगात टाकले, हे घरातल्या आजोबांना विचारून यायला सांगितले तर मुले पुस्तकापेक्षाही मोठी शिदोरी घेऊन येतात. कादंबरी मोठी असल्यामुळे तिला एक महिना पुरत नाही, दोन भागांत घ्यावी. नववीच्या आतल्या मुलांना देऊ नये.

आता अशा पुस्तकाबद्दल, जे मला स्वतःला फार प्रिय आहे, पण कट्ट्यासाठी मी जपून सुचवेन. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि तेव्हापासून मराठी घराघरांत ते भेट म्हणून दिले जाते. गुलामगिरीत जन्मलेला, आईला पारखा झालेला मुलगा शिकतो, १८९६ साली टस्कीगी येथील संस्थेत रुजू होतो आणि कापसाने निकस झालेल्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जमिनीला भुईमूग आणि इतर पिकांच्या फेरपालटीने पुन्हा सुपीक करण्याचा मार्ग गरीब शेतकऱ्यांना दाखवतो, ही कहाणी कोणालाही हलवून टाकणारी आहे. कापसाच्या सुतावर उभे राहिलेले आणि शेंगाचटणीशिवाय जेवणाचे ताट पुरे न मानणारे सोलापूर या दोन पिकांच्या गोष्टीपासून दूर कसे राहील? मुलांनी ते मनापासून वाचले. तरीही बैठकीत पाऊण तासातच बोलणे थांबले, कारण सगळ्यांना कार्व्हर थोर वाटला आणि थोर माणसाबद्दल वाद कसा घालायचा, हे कोणाला सुचेना.

यावर एक उपाय आम्हाला सापडला आणि तो कोणत्याही चरित्राला लागू पडेल. चरित्रासोबत त्या माणसाबद्दलची एखादी नोंद शोधून आणायची आणि दोन्ही शेजारी ठेवायची. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरने शोधले असा समज जगभर पसरलेला आहे आणि तो खरा नाही. शेंगदाणे वाटून केलेले पदार्थ त्याच्या आधीपासून होते. कार्व्हरने १९१६ साली भुईमुगाची लागवड आणि तो खाण्याच्या १०५ पाककृती सांगणारी एक पुस्तिका काढली, ही मात्र पक्की नोंद आहे. मग प्रश्न असा उभा राहतो की त्याचे मोठेपण शोधात होते की गरीब शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत ज्ञान पोहोचवण्यात, आणि लोकांना थोर माणसाच्या नावावर न केलेले शोध का जमा करावेसे वाटतात. या प्रश्नावर मुले दीड तास बोलली. पुस्तक बदलले नव्हते, सोबतीला ठेवलेला कागद वेगळा होता. चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, तेव्हा त्यांचे एखादे चरित्रही याच पद्धतीने घेण्याचा आमचा विचार आहे.

‘श्यामची आई’बद्दल लोक हमखास विचारतात. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी केलेले उपोषण हा तर आमच्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. हे पुस्तक मी सहावी-सातवीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी सुचवेन. कुमारांच्या गटात ते आले की मुले आदराने बोलतात आणि आदरात खरे मत दडून राहते.

कथा हव्या असतील तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा निःशंकपणे घ्याव्यात. एका बैठकीला एकच कथा पुरते आणि ज्याला कादंबरी झेपत नाही तो मुलगाही ती आदल्या रात्री वाचून येऊ शकतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेच्या वेळी आम्ही टेबलावर वर्तमानपत्र, कात्री आणि खळ ठेवली होती. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली की तयार होणाऱ्या मोबियसच्या पट्टीवर मुलांनी पेन्सिलीने मधोमध रेघ ओढायला सुरुवात केली आणि पेन्सिल न उचलता ती रेघ दोन्ही बाजूंनी फिरून मूळ जागी आली, तेव्हा कथेतली अशक्य वाटणारी गोष्ट त्यांना एकदम जवळची वाटू लागली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तर १७६१ चे युद्ध मराठ्यांनी जिंकले असते तर काय झाले असते, ही कल्पना आहे. तिच्यावर बोलायला मुलांना निमंत्रण लागत नाही. उलट, आवाज खाली आणायला सांगावे लागते. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, ही हकिकत सांगितली की लिहिणाऱ्या मुलांचे डोळे चमकतात.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’बद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते. अक्कलकोट तालुक्यातले हन्नूर हे लेखकाचे गाव आणि १९८४ साली आलेले हे आत्मकथन आमच्याच मातीतले आहे. भूक, जात आणि बापाचे नाव नसणे यांचे वर्णन त्यात कोणताही पडदा न ठेवता आले आहे, आणि लेखकाच्या आजीसोबत राहणारा, रक्ताचे नाते नसताना त्याला माया लावणारा मुसलमान दादा हे त्यातले मला सर्वांत जवळचे वाटणारे माणूस आहे. जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला हे पुस्तक एका समाजाचा दस्तऐवज वाटू शकते. आमच्या मुलांना त्यातली गावे बसच्या पाट्यांवर रोज दिसतात आणि म्हणून ते अंगावर येते. ते सरसकट सगळ्या कुमारांना द्यावे असे मी म्हणणार नाही. अकरावी-बारावीच्या मुलांचा वेगळा, एकमेकांना ओळखणारा गट असेल, चालवणाऱ्या व्यक्तीने गटातल्या कोणत्याही मुलाला त्याच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून बोलायला भाग पाडायचे नाही हे मनाशी पक्के ठरवलेले असेल, तरच घ्यावे. पण ‘विषय नाजूक आहे’ एवढ्यावरून ते यादीतून कायमचे काढून टाकणे मला मान्य नाही. सोलापुरात वाढणाऱ्या मुलाने सोलापूरच्या या बाजूबद्दल कधीच वाचू नये, हा नाजूकपणा कोणाच्या सोयीचा आहे, याचा विचार आपण मोठ्यांनी करावा.

लहान गटासाठी, म्हणजे सातवी-आठवीसाठी, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची खरी गोष्ट सांगणारे ‘तोत्तोचान’ चांगले आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद सोपा आहे आणि प्रकाशन नॅशनल बुक ट्रस्टचे असल्याने दहा-बारा प्रती घेणे खिशाला जड जात नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचायला मजेचा आहे, परंतु चर्चेला त्यात फार काही हाती लागत नाही. ज्या मुलाला पुस्तकाचीच धास्ती वाटते त्याच्या हाती बालभारतीचे ‘किशोर’ द्यावे. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर वाचायला मिळतात आणि त्यांतल्या कथा-लेखांतून एखादा महिना सहज निघतो.

आता प्रतींबद्दल. कट्ट्याची खरी अडचण पुस्तक निवडण्यात जितकी असते तितकीच एकाच पुस्तकाच्या पुरेशा प्रती मिळवण्यात असते. सार्वजनिक ग्रंथालयांत बहुधा एका पुस्तकाच्या एक-दोनच प्रती असतात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालय शहरात आहे, याखेरीज पेठापेठांतून लहान वाचनालये आहेत. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या मुलांनी सभासद व्हायचे आणि प्रती फिरवायच्या, ही पद्धत कमी खर्चाची आहे. उरलेल्या प्रती विकत घेताना शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात आगाऊ मागणी नोंदवावी. दहा प्रती एकदम घेतल्यास सवलत मिळते आणि पुस्तक हातात घेऊन पाहता येते. नवी पेठेतल्या ज्या दुकानातून आम्ही पुस्तके घेतो तिथला विक्रेता स्वतः वाचणारा आहे. एका कादंबरीची लहान टाइपातली आवृत्ती त्याने आम्हाला घेऊ दिली नाही आणि नव्या छपाईची आठवडाभराने मागवून दिली. अशा दुकानदाराचे ऋण मानावे तितके थोडे आहे.

ऑनलाइन मागवण्याचा अनुभव मात्र मिश्र आहे. एका विक्रेत्याकडून आलेल्या प्रतींपैकी दोन प्रतींत पान ९६ नंतर थेट पान ११३ होते. सोळा पानांचा एक अख्खा फर्मा बांधणीत गळला होता. कागद पातळ, छपाई फिकट आणि मुखपृष्ठाचे रंग मूळ आवृत्तीपेक्षा वेगळे, यावरून त्या प्रती मुळात अधिकृत होत्या की नाही याचीच शंका आली. पैसे परत मिळाले, पण ज्या दोन मुलांच्या वाट्याला त्या प्रती आल्या त्यांची चर्चेच्या वेळी पंचाईत झाली. म्हणून पुस्तके कोठूनही घेतली तरी वाटण्यापूर्वी प्रत्येक प्रतीचे पानांक चाळून पाहावेत आणि पदपथावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या लोकप्रिय पुस्तकांच्या नकली प्रती मुलांसाठी तरी घेऊ नयेत. लेखकाचा आणि अनुवादकाचा हक्क हा मुद्दा मुलांना त्याच वेळी समजावून सांगता येतो.

निवडीत मुलांचा हात असावा, हे सगळे सांगतात. तो कसा असावा हे कमी लोक सांगतात. मोकळे मतदान घेतले की आधीच चित्रपट झालेली आणि नाव ऐकलेली पुस्तके निवडून येतात. आम्ही तीन पुस्तके समोर ठेवतो, प्रत्येकाची पहिली पाच पाने कोणीतरी मोठ्याने वाचतो आणि मग हात वर करायला सांगतो. पहिल्या पाच पानांवर निवडलेले पुस्तक मुले शेवटपर्यंत वाचतात, हे आमच्याकडे वारंवार दिसून आले आहे. जी दोन पुस्तके हरतात ती पुढच्या वेळी पुन्हा ठेवायला हरकत नाही.

वर्षाचा हिशेबही पाहावा लागतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि त्या महिन्यात कथेपलीकडे काही होत नाही. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. खरे वाचन होते ते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सोलापूरचे ऊन दुपारी कोणालाही घराबाहेर पडू देत नाही. जाड पुस्तके या दिवसांसाठी राखून ठेवावीत. शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धन यांनी केलेला ‘पाडस’ असे दोन अनुवाद आमच्यापुढे या उन्हाळ्यासाठी आहेत. ‘चौघीजणी’तल्या बहिणी मुलींना लगेच आपल्या वाटतात, पण मुलगे पहिल्या काही प्रकरणांत मागे पडण्याची शक्यता आहे. ‘पाडस’मध्ये हरणाचे पिलू पाळणारा मुलगा, त्याचे गरीब कुटुंब आणि हातातोंडाशी आलेले पीक यांच्यात जो पेच उभा राहतो, तो शेतीवर पोट असलेल्या घरातल्या मुलांना एका तऱ्हेने दिसेल आणि शहरातल्या मुलांना दुसऱ्या तऱ्हेने. दोन्हींतून एकच घ्यायचे झाल्यास मी ‘पाडस’ सुचवेन, आणि त्याच्या प्रती मार्चअखेर हातात याव्यात यासाठी मागणी फेब्रुवारीतच नोंदवावी.